उडी मारताना लघवी सुटते? दोरी ठेवून देऊ नका

गेल्या पावसाळ्यात आठवीतली एक मुलगी खो-खोच्या सरावाला कमरेला जर्किन बांधून यायची. सोलापुरात जुलैतही जर्किन लागत नाही. चौकोनात बसायची, खो मिळाला की झटक्यात उठायची, पण दोरीच्या उड्या आल्या की "बाई, पाळी आलीय" म्हणून बाजूला जाऊन उभी राहायची. एका महिन्यात तिसऱ्यांदा तेच ऐकलं तेव्हा मी तिला पाण्याच्या टाकीमागं नेलं आणि हळूच विचारलं, "उड्या मारताना थोडी लघवी सुटते का गं?" तिनं माझ्याकडं बघितलं नाही. जर्किनच्या बाह्यांची गाठ सोडली, परत बांधली आणि मान हलवली.

मला हे विचारता आलं, कारण मलाही नऊ वर्षं तेच होत होतं.

मी शाळेत खेळ शिकवते, मुख्यतः खो-खो. धाकटीच्या बाळंतपणानंतर दोरी मारली की, शिंक आली की, होम मैदानाला जोरात फेरी मारली की थेंब सुटायचे. गडद ट्रॅक पँट घालायची, आत पॅड ठेवायचं आणि कुणाला बोलायचं नाही, असं चाललं होतं. एका डॉक्टरांना धीर करून सांगितलं, तर ते कागदावरून मान वर न करता म्हणाले, "मॅडम, आता या वयात उड्या कशाला?" मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते. त्यांचं ऐकून दोन वर्षं उड्या बंद केल्या. वजन वाढलं, कंबर धरली, आणि खोकल्यावर सुटायचं ते सुटतच राहिलं. पुढं एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी नीट बसवून शिकवलं. त्यांनी शिकवलेलं आणि नंतर मुलींकडून करून घेताना मला समजलेलं इथं लिहिते. उड्या सोडू नका. उड्या सोसणारा तळ तयार करा.

हा तळ म्हणजे काय, ते आधी डोळ्यांसमोर आणा. पुढं जांघेच्या मधलं हाड, मागं माकडहाड आणि या दोन्हींच्या मध्ये ताणून बांधलेली स्नायूंची झोळी. डॉक्टर तिला पेल्व्हिक फ्लोअर म्हणतात, मी मुलींना ओटीपोटाचा तळ म्हणून सांगते. मूत्राशय, गर्भाशय आणि शौचाची पिशवी या झोळीवर टेकलेली असतात. लघवीची वाट, योनी आणि गुदद्वार झोळीतूनच बाहेर येतात, आणि त्या वाटा आवळून धरायचं कामही तिचंच.

पळताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून आपल्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट धक्का बसतो. उंचावरून उडी मारून उतरलं की त्याहून जास्त. त्याच क्षणी पोटातला दाबही खाली येतो. तळ चांगला असेल तर पाय टेकायच्या किंचित आधी तो आपोआप आवळला जातो. त्याला उशीर झाला किंवा तो दमला, की दाब जिंकतो. म्हणून पहिल्या वीस उड्या कोरड्या जातात आणि चाळिसाव्या उडीला सुटते. हे फक्त बाळंतीण बायकांचं दुखणं नाही. ट्रॅम्पोलीनवर उड्या मारणाऱ्या, जिम्नॅस्टिक करणाऱ्या, एकही बाळंतपण न झालेल्या तरुण खेळाडूंमध्येही ते आढळतं. पाय, पोट, खांदे घडवले जातात आणि तळाकडं कुणी बघत नाही.

आधी स्नायू सापडू द्या

यासाठी घरातला टॉवेल पुरे. आमच्या सोलापुरात टॉवेलला काय तोटा! हात पुसायचा जाड टॉवेल घ्या, लांबीच्या बाजूनं घट्ट गुंडाळा. टणक बैठकीच्या खुर्चीवर तो पुढून मागं जाईल असा ठेवा आणि सायकलच्या सीटवर बसतो तसं त्यावर बसा. पाय जमिनीला टेकलेले, पाठ सरळ. आता डोळे मिटा आणि टॉवेल अंगाला कुठं कुठं लागतोय ते नुसतं ओळखा. मग चारचौघांत गॅस अडवतो तसं मागून आवळा, तोच ताण पुढं लघवीच्या वाटेपर्यंत आणा आणि टॉवेलवरून आत, वर उचलल्यासारखं करा. टॉवेलचा दाब अगदी किंचित कमी झाला की स्नायू सापडला. मग सोडा. तळ परत टॉवेलवर टेकल्याचं कळलं पाहिजे. उचललेलं कळतं पण टेकलेलं कळत नाही, असं असेल तर सोडण्याचाच सराव आधी करा.

बहुतेकींचं इथंच चुकतं. माझंही चुकत होतं. ढुंगण आवळलं जातं, मांड्या एकमेकींवर दाबल्या जातात, श्वास कोंडला जातो, पोट दगडासारखं होतं. ताईंनी माझ्या पोटावर हात ठेवला होता. म्हणाल्या, "तुम्ही वर उचलत नाही, खाली ढकलताय." कुंथल्यासारखं खाली ढकललं तर उपाय राहतो बाजूला, दुखणं वाढतं. खात्री करायची असेल तर आवळलेलं असताना मोठ्यानं एक ते पाच मोजा. बोलता येतंय म्हणजे श्वास चालू आहे.

लघवी करताना मधेच धार थांबवून व्यायाम करायचा, असं बऱ्याच जणींनी ऐकलेलं असतं. स्नायू कुठला ते कळायला आयुष्यात एकदा करून बघितलं तर ठीक, पण रोज नको. मूत्राशय पूर्ण रिकामं व्हायची सवय बिघडते.

मग ताकद

अर्नॉल्ड केगेल नावाच्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये या व्यायामावर लिहिलं, म्हणून त्याला केगेल म्हणतात. योगाच्या वर्गात मूलबंध शिकला असाल तर ओळख लवकर पटेल. ब्रिटनमधली आरोग्यविषयक मार्गदर्शक सूचना काढणारी नाइस ही संस्था सांगते, की एका वेळी किमान आठ आकुंचनं, दिवसातून तीन वेळा, किमान तीन महिने. हे तीन महिने मनावर घ्या. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देणाऱ्या बायकाच मी जास्त बघितल्या.

मी केलं ते असं. पहिले दोन आठवडे आडवं पडून, गुडघे मुडपून. आवळून तीन सेकंद धरायचं, सहा सेकंद पूर्ण सोडायचं, आठ वेळा. तीन सेकंदांच्या आतच सुटून जातंय असं वाटलं तर दोनच सेकंद धरा, लाज नाही. हळूहळू आठ-दहा सेकंदांपर्यंत जा. त्यानंतर दहा झटके, एका सेकंदात आवळा आणि लगेच सोडा. हे दोन्ही लागतं. या तळात दिवसभर तग धरणारे तंतूही असतात आणि धक्क्याला झटकन उत्तर देणारेही. नुसतं धरायची सवय केली तर शिंक येऊन जाते आणि तळ मागून जागा होतो.

दोन आठवड्यांनी बसून, मग उभ्यानं. उभ्यानं सगळ्यांत अवघड, कारण वरचं सगळं ओझं तळावर असतं. मी वेळा ठरवून टाकल्या होत्या. सकाळी चहा उकळेपर्यंत, दुपारी स्टाफरूममध्ये आणि रात्री अंथरुणावर. समोरच्याला कळतसुद्धा नाही.

एक गोष्ट इथं स्पष्ट सांगते, कारण ती फार जणींना कुणी सांगत नाही. प्रत्येकीचा तळ ढिला नसतो. काहींचा सतत आवळलेला असतो, आणि दमलेला स्नायू जसा ऐनवेळी काम करत नाही तसं त्यांचंही सुटतं. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, झाल्यावरही राहिल्यासारखी वाटते, शौचाला त्रास होतो, संबंधाच्या वेळी दुखतं, माकडहाडापाशी ठणकतं, ही त्याची लक्षणं. दिवसभर पोट आत ओढून चालणाऱ्या मुलींमध्ये मला हे दिसतं. अशांनी आवळण्याचा व्यायाम वाढवू नये. बालासनात, म्हणजे टाचांवर बसून पुढं वाकून, कपाळ टेकवून श्वास पाठीत आणि ओटीपोटात भरू द्यावा, श्वास घेताना तळ खाली फुलतोय एवढंच बघावं. रोज पाच मिनिटं. आणि शक्य झाल्यास फिजिओथेरपिस्टला दाखवूनच पुढं जावं.

श्वास आणि खो

आता मैदानावर या. चौकोनात उकिडवी बसलेली मुलगी बघा. मागून "खो" आला की ती काय करते? आधी श्वास कोंडते, मग उसळते. कोंडलेल्या श्वासानं पोटातला दाब वाढतो आणि त्याला जायला वाट एकच, खाली. मी मुलींना आता एवढंच शिकवते, की खो ऐकला की उठता उठता तोंडानं "हू" असा श्वास बाहेर. सुरुवातीला सगळ्या हसल्या. आठवड्यात अंगवळणी पडलं, आणि उठण्याचा वेग कमी झाला नाही. सूर मारतानाही तसंच, श्वास बाहेर जाऊ दे.

शिंक, खोकला, वजन उचलणं यांच्या अगदी आधी तळ आवळायचा, दाब येऊन जाईपर्यंत धरायचा आणि मग सोडायचा. ही युक्ती सगळ्यांत लवकर फळ देते. मला तिसऱ्या आठवड्यातच शिंकेला फरक जाणवला. पण ती आपोआप व्हायला सराव लागतो. खोटा खोकला काढून दिवसातून दहा वेळा करा.

आमच्या गल्लीत पाणी चार-पाच दिवसांआड येतं. त्या दिवशी घागरी, बादल्या, पिंपं भरताना जो भार पडतो तो कुठल्याही जिमपेक्षा कमी नाही. भरलेली बादली उचलताना आधी तळ उचला, मग श्वास सोडत बादली. एका हातात काठोकाठ बादली घेण्यापेक्षा दोन हातांत अर्ध्या अर्ध्या घ्या. खेळाच्या सरावात जे कमावलं ते पाणी भरताना घालवू नका.

परत उड्यांकडे

सहा-आठ आठवडे व्यायाम झाल्यावर मी दोरीला हात लावला, तोही एकदम नाही. उभं राहून टाचा उचलायच्या आणि धप्पकन टेकायच्या, वीस वेळा. कोरडं राहिलं तर पुढच्या वेळी दोन्ही पायांवर जागच्या जागी छोट्या दहा उड्या. मग वीस. मग दोरी, वीस सेकंद उड्या आणि चाळीस सेकंद चालणं, पाच वेळा. मग तीस सेकंद. मग एका पायावर. सगळ्यात शेवटी पायरीवरून खाली उडी आणि खांबाला वळसा घालून झेप. प्रत्येक टप्प्याला चार-पाच दिवस द्या. सुटलं, किंवा खाली जड वाटलं, तर एक टप्पा मागं या आणि आठवडाभरानं पुन्हा पुढं जा. बंद करायचं नाही.

उतरताना कान उघडे ठेवा. पाय आपटल्याचा आवाज मोठा येत असेल तर गुडघे आणि घोटे धक्का पीत नाहीत, तो सरळ वर जातोय. मी मुलींना सांगते, शेजारच्या वर्गात झोपलेलं बाळ आहे असं समजून उतरा. पळताना लांब ढांगा टाकू नका, पावलं छोटी आणि भरभर टाका. सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं सकाळी पळणाऱ्या बायकांना मी बघते, थकल्या की ढांग लांबवतात आणि टाच आपटतात. तिथंच गळती सुरू होते. तेव्हा दोन मिनिटं चाला, मग परत पळा. मांड्या, पोटऱ्या आणि नितंबांची ताकदही वाढवा. बैठका आणि एका पायावर टाच उचलणं याला पैसे लागत नाहीत.

एक वही ठेवा. तारीख, किती उड्या, कितव्या उडीला सुटलं, त्या दिवशी पाणी किती, पोट साफ होतं का, पाळीचा कितवा दिवस. मला वहीवरूनच कळलं, की पाळीच्या आदल्या दोन दिवसांत माझं हमखास बिघडतं. मग त्या दिवसांत मी दोरीऐवजी चालते.

पाणी, चहा, पोट

मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. कारण विचारलं तर सांगतात, शाळेच्या संडासात जावंसं वाटत नाही आणि सुटायची भीती. सोलापूरचा एप्रिल-मे बाहेर पारा चाळिशीच्या वर नेतो. त्यात पाणी तोडणं धोक्याचं आहे. शिवाय उपयोगही नाही. लघवी गडद आणि तीव्र झाली की मूत्राशयाला जास्त टोचते, वारंवार लागल्यासारखं होतं, जंतुसंसर्ग होतो आणि शौच घट्ट होतं. लघवी फिकट पिवळी राहील इतकं पाणी प्या, सरावाच्या आधीच्या अर्ध्या तासात गटागट नको, थोडं थोडं. चहा आणि कॉफी काहींच्या मूत्राशयाला चाळवतात, सरावाआधी एक कप कमी करून बघा.

दर तीन-चार तासांनी लघवीला जाणं ठीक. पण "असू दे, जाऊन येते" म्हणून दर अर्ध्या तासाला जाऊ नका. मूत्राशयाला थोडं भरलं तरी ओरडायची खोड लागते.

बद्धकोष्ठ हा तळाचा मोठा वैरी. रोज कुंथलं की झोळी रोज ताणली जाते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आपली आवडती, पण तिच्याबरोबर ताक, पालेभाजी आणि पाणी हवंच. भारतीय संडासात बसण्याची पद्धत चांगली. कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर येऊ द्या, पुढं वाका आणि श्वास सोडत पोट फुगवा. दम कोंडून जोर लावू नका.

पॅडबद्दल. सध्या लागतंय तर वापरा, त्यात कमीपणा नाही. फक्त पाळीचं पॅड आणि लघवीचं पॅड वेगळं असतं, लघवीचं ओल लवकर शोषतं. या उकाड्यात ओलं पॅड तासन्‌तास ठेवलं तर जांघा सोलवटतात, सराव संपला की लगेच बदला.

बाळंतपणानंतर

सव्वा महिना झाला की बाई मोकळी, असं आपल्याकडं मानतात. घरकामाला मोकळी असेल, उड्यांना नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी बाळंतपणानंतर पळण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत बारा आठवड्यांच्या आधी पळू नये असं म्हटलंय, आणि बारा आठवड्यांनंतरही आधी अंग तपासून बघायला सांगितलंय. अर्धा तास चालणं, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, जागच्या जागी एक मिनिट पळणं, एकेका पायावर दहा उड्या. हे सगळं न दुखता, न सुटता, खाली जड न वाटता जमलं तर हळूहळू पळायला लागा. सिझर झालं म्हणून तळ सुटला असं नाही, नऊ महिन्यांचं ओझं त्यानंही वाहिलंय. पोटाला ओढणी बांधायची रीत असेल तर आधारापुरती बांधा, करकचून आवळली तर दाब खालीच जातो. तळाचे हलके व्यायाम मात्र अंगात त्राण आल्यावर लवकर सुरू करता येतात, टाके असतील तर डॉक्टरांना विचारून.

पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन कमी होतं आणि योनीचा, मूत्रमार्गाचा भाग पातळ, कोरडा होतो. व्यायाम करूनही भागत नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा, लावायचं औषध मिळतं.

वाट न बघता डॉक्टरांकडं कधी जायचं

लघवीत रक्त दिसलं, जळजळीबरोबर ताप आला, लघवी अडली, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, शौच आपोआप सुटायला लागलं, तर व्यायाम बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडं जा. लघवी अडली किंवा तो भाग बधिर झाला तर त्याच दिवशी, त्याच तासाला. खाली काहीतरी आल्यासारखं, चेंडू अडकल्यासारखं वाटतं, हाताला गोळा लागतो, त्याला आपल्याकडं अंग बाहेर येणं म्हणतात. माझ्या आईच्या पिढीतल्या बायकांनी ते झोपताना आत ढकलत आयुष्य काढलं. तसं काढायची गरज नाही. लवकर दाखवलं तर व्यायामानं, आतून आधार देणाऱ्या रिंगनं पुष्कळदा निभावतं. सिव्हिलमध्ये स्त्रीरोग विभाग आहे. सोबत वही न्या, म्हणजे सांगताना अडखळायला होणार नाही. आणि एका डॉक्टरांनी झटकून टाकलं तर दुसऱ्याकडं जा. मी दुसऱ्याकडं जायला दोन वर्षं लावली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

खेळ शिकवणाऱ्या बायकांना शेवटचं. मुलीला सगळ्यांदेखत विचारू नका. मी आता जूनमध्ये सराव सुरू होतो त्या पहिल्याच आठवड्यात सगळ्या मुलींना एकत्र बसवून दहा मिनिटं हे सांगते, टॉवेल दाखवते आणि म्हणते, "असं कुणाला होत असेल तर नुसतं माझ्याजवळ येऊन ‘टॉवेल’ म्हणा." दोरीच्या उड्यांच्या आधी पाच मिनिटांची सुट्टी देते. आमच्याकडं शाळा सुटल्यावर मुलींच्या संडासाला कुलूप लागायचं आणि सराव पाचला सुरू व्हायचा. एवढी साधी गोष्ट मला कित्येक वर्षं दिसली नव्हती. आता एक चावी माझ्या शिटीच्या दोरीला बांधलेली असते. ती जर्किनवाली मुलगी नववीत गेली, अजून सगळे टप्पे झालेले नाहीत, पण तीस सेकंद दोरी कोरडी होते. परवा तिनं न विचारता माझ्या गळ्यातून चावी काढून घेतली, जाऊन आली आणि परत रांगेत उभी राहिली.